पुस्तिकेतलं चित्र जागेवर का राहत नाही

मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर पेन ड्राइव्ह खिशात टाकून पांढरकवड्याला छपाईवाल्याकडे गेलो. पाठीवरच्या बॅटरी पंपाची माहितीपुस्तिका छापायची होती. बत्तीस पानं, एकेचाळीस चित्रं, दोन महिन्यांचं काम. फाइल उघडली तर मजकूर सगळा जागच्या जागी आणि चित्रांच्या ठिकाणी रिकाम्या चौकटी. छपाईवाल्यानं दोन-तीन चौकटींवर क्लिक करून पाहिलं अन् म्हणाला, "भाऊ, चित्रं कोठी हायेत याच्यात? तुम्ही त नुसते पत्ते लिहून आणले."

पत्ते होते माझ्या घरच्या लॅपटॉपमधल्या फोल्डरचे. लॅपटॉप गावी, आणि गावाकडची शेवटची एसटी निघायला वीस मिनिटं.

मी शेतीच्या अवजारांच्या माहितीपुस्तिका लिहितो. फवारणी पंप, पेरणी यंत्र, ठिबकचे फिल्टर, कधी कडबा कुट्टी. गावात राहून हे काम करता येतं, लाइन असली म्हणजे झालं. ऐकणाऱ्याला वाटतं की यात लिहिणं अवघड असेल. लिहिणं एकदा हाताला बसतं. वर्षानुवर्षं छळतं ते चित्र. मजकुरात एक ओळ वाढवली की ते पुढच्या पानावर पळतं, छापल्यावर धूसर येतं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गायब होतं. सॉफ्टवेअर कोणतंही असो, वर्ड, तसंच फुकट मिळणारं लिबरऑफिस, मोठ्या पुस्तिकांसाठीचं फ्रेममेकर किंवा डिटा पद्धतीचं (मजकुराचे छोटे तुकडे लिहून त्यांची पुस्तिका जुळवायची) काही, रडगाणं सारखंच असतं. कारण ही सगळी सॉफ्टवेअरं चित्राबद्दल तीनच गोष्टी लक्षात ठेवतात: ते कुठून आणायचं, किती मोठं दाखवायचं आणि मजकुरात कशाला बांधायचं. पत्ता, माप आणि खुंटा. चित्राची कटकट या तिघांपैकी कोणीतरी बिघडल्याशिवाय सहसा होत नाही.

माझ्या एकेचाळीस चौकटी पत्त्यापायी रिकाम्या आल्या. दस्तऐवजात चित्र दोन रीतीनं ठेवता येतं. एक, चित्र फाइलीच्या पोटात घालायचं. वर्डमध्ये कॉपी-पेस्ट केलं की हेच होतं. दुसरी रीत म्हणजे चित्र बाहेर फोल्डरमध्येच ठेवायचं आणि फाइलीत फक्त ते कुठं आहे याची नोंद करायची. फाइल उघडली की सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जातं, चित्र उचलतं आणि दाखवतं. फ्रेममेकरमध्ये चित्र आणताना हे दोन पर्याय समोरच विचारले जातात. लिबरऑफिसमध्ये चित्र निवडायच्या खिडकीत 'लिंक' नावाची छोटी चौकट असते, तिच्यावर टिचकी मारली की दुसरी रीत. डिटामध्ये तर पहिली रीत जवळजवळ नाहीच. तिथं मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे मधे मधे खुणा घातलेल्या साध्या अक्षरांत असतो आणि चित्राच्या जागी फक्त पत्त्याची एक खूण, म्हणजे टॅग.

चार पानांचं पत्रक असेल तर मी आजही बिनधास्त पोटात घालतो. फाइल उचलली की सगळं सोबत येतं, डोक्याला ताप नाही. पण बत्तीस पानांच्या पुस्तिकेत नोझलचं एकच चित्र चौदा ठिकाणी लागतं. पंप जुळवणाऱ्या मिस्त्रींनी ऐन वेळी पितळी नोझल बदलून प्लास्टिकचं बसवलं. चित्र पोटात असतं तर मला चौदा ठिकाणी शोधून बदलावं लागलं असतं आणि तेरा बदलून चौदावं राहून गेलं असतं, हे मी स्वतःला ओळखून सांगतो. पत्त्याच्या रीतीत फोल्डरमधली जुनी फाइल काढली, त्याच नावानं नवी ठेवली, चौदाही ठिकाणी नवं नोझल आलं.

आता पत्ताही दोन तऱ्हेनं सांगता येतो. 'सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग माझं नाव, मग डेस्कटॉप' असा थेट मुळापासूनचा पूर्ण पत्ता, किंवा 'या फाइलीच्या शेजारी चित्रं नावाचा फोल्डर आहे त्यात' असा शेजारचा पत्ता. धरणात गेलेलं गाव पुनर्वसनात उठून दुसरीकडे वसतं तेव्हा पोस्टाचा पत्ता बदलतो, पण शेजारी तोच राहतो. निदान नकाशात तरी तसं दाखवलेलं असतं. फाइल आणि चित्रांचा फोल्डर एकाच मोठ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि पत्ता शेजारचा दिला, की तो मोठा फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्या, चित्रं सापडतात. मी दोन चुका एकदम केल्या होत्या. पत्ते पूर्ण दिले होते, आणि पेन ड्राइव्हवर घेतली ती एकटी फाइल.

फाइलींची नावं रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान, मधे जागा न सोडता आडवी रेघ, एवढं पाळावं. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण वेबसाइट ज्या सर्व्हरवर असते तो बहुतेक वेळा मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरतो, आणि आपला विंडोज धरत नाही. म्हणून घरी दिसणारं चित्र वेबसाइटवर गायब होतं आणि माणूस दिवसभर भलतीकडेच शोधत बसतो. नावात 'नवीन', 'फायनल', 'फायनल-२' असले शब्द नकोत. चित्रात काय आहे ते नावात यावं: पंप, मग भाग, मग बाजू.

डिटावाल्यांनी यापुढची एक पायरी काढली आहे, ती मला फार आवडते. मजकुरात पत्ता द्यायचाच नाही, नुसतं एक टोपणनाव द्यायचं, समजा 'बॅटरी-चित्र'. त्या नावाचा पत्ता कोणता, हे पुस्तिकेच्या अनुक्रमाच्या फाइलीत एकाच जागी लिहायचं. आमच्या पंपाच्या दोन जाती आहेत, एकीला १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी, दुसरीला १२ व्होल्ट १२ ची. मजकूर अक्षरशः तोच, बॅटरीचा डबा तेवढा वेगळा. अनुक्रमाच्या दोन फाइली केल्या, दोन्हींत टोपणनावाचा पत्ता वेगळा लिहिला, झाल्या दोन पुस्तिका. गावात पोस्टमनला आडनावही लागत नाही, 'मास्तरांचं घर' म्हटलं की पुरतं. मास्तर बदलले की घर बदलतं, पण पाकिटावर लिहायचं तेच.

मालक मंडळी तुम्हाला फोटो बहुधा वर्डच्या फाइलीत चिकटवून पाठवतात. त्यातून मूळ फोटो काढायला उजव्या क्लिकनं एकेक सेव्ह करत बसू नका. डॉक्सची फाइल ही आतून झिपच असते. तिची एक प्रत करा, नावाच्या शेवटचं डॉक्स हे शेपूट काढून झिप लावा आणि उघडा. आत वर्ड नावाचा फोल्डर, त्यात मीडिया नावाचा फोल्डर, त्यात सगळी चित्रं ओळीनं बसलेली असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कोठीचं कुलूप न तोडता मागचं दार सापडल्यासारखं झालं होतं.

याच मागच्या दारानं एक धोकाही दिसला. एकदा अनुदानाचा ऑनलाइन अर्ज कसा भरायचा, हे समजावणारं पान मी केलं होतं. स्क्रीनचा फोटो घेतला, त्यात खऱ्या शेतकऱ्याचा आधार क्रमांक होता, म्हणून वर्डमध्येच चित्राची ती कड कापली. पानावर क्रमांक दिसेनासा झाला. मीडिया फोल्डर उघडला तर अख्खा फोटो क्रमांकासकट तसाच. वर्डमधलं कापणं म्हणजे गोधडीची कड दुमडून आत घेणं, कापड कुठं जात नाही. कापलेला भाग कायमचा काढून टाकायची वेगळी सोय तिथं आहे, पण मी आता क्रमांक आधीच चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ्या पट्टीनं झाकून, नवी फाइल करूनच आत आणतो. मोबाइलच्या फोटोचंही तसंच. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठं काढला ते अक्षांश-रेखांशासकट फोटोतच लिहिलेलं असतं. वेबसाइटवर टाकण्याआधी ते पुसावं, कोणाच्या वावरात मोटार आहे हे जगाला सांगायचं कारण नाही.

आता माप. इथं बहुतेक जण 'डीपीआय' या शब्दाला घाबरतात. पण पऱ्हाटीची ओळ ज्यानं लावली त्याला हे शिकवावं लागत नाही.

चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या ओळी, त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका ओळीत किती ठिपके हे फोटो काढताच ठरून जातं, जसं तुमच्या पिशवीत बी किती हे ठरलेलं असतं. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके पेरायचे ते. बी दाट लावलं तर ओळ आखूड होते, विरळ लावलं तर लांब. बी तेवढंच राहतं. पुस्तकाच्या छपाईत फोटो चांगला दिसायला इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे १२०० ठिपक्यांची ओळ कागदावर ४ इंच भरते. तेच चित्र ओढून ८ इंच केलं तर इंचाला १५० ठिपके उरतात आणि कडा जाड दिसायला लागतात. मोठं करताना सॉफ्टवेअर मधल्या रिकाम्या जागा भरतं खरं, पण ते खाडे भरणं झालं. शेजारच्या दोन ठिपक्यांकडे बघून मधे अंदाजानं एक रंग टाकायचा. खाड्यात लावलेलं बी आधीच्या पिकाच्या बरोबरीनं येत नाही, हे कोणत्याही कास्तकाराला विचारा. धूसर चित्र म्हणजे तेच.

हिशोब करून बघू. आमची पुस्तिका ए-५ आकाराची, १४८ मिलिमीटर रुंद. दोन्हीकडे १५ मिलिमीटर समास सोडला की मजकुराची रुंदी ११८ मिलिमीटर. इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे साडेचार इंचांच्या थोडी वर. गुणिले ३००, साधारण १४०० ठिपके. पानभर रुंदीच्या चित्राला १४०० ठिपके लागतात, बस. माझ्या फोनचा फोटो ४००० ठिपके रुंद येतो, म्हणजे गरजेच्या जवळजवळ तिप्पट. कड कापायला, जवळचा भाग मोठा करायला भरपूर वाव. असे फोटो जसेच्या तसे एकेचाळीस कोंबले की फाइल मात्र बैलासारखी बसते. उठवावी तेव्हा उठत नाही.

हिशोब उलटाही फसतो. फ्रेममेकर फोटो आणताना तो किती डीपीआयनं ठेवायचा ते विचारतो. घाईत ७२ वर बोट पडलं, की तेच १४०० ठिपके साडेएकोणीस इंचांवर पसरतात आणि पानावर दिसतो तो पंपाच्या झाकणाचा एक कोपरा. चित्र बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं, पेरणी फार विरळ झालेली असते. ३०० निवडा, चित्र गुमान चौकटीत बसतं. वर्डची सवय वेगळी: फाइल सेव्ह करताना तो चित्रं परस्पर लहान करतो, वेगळं सांगितलं नाही तर बहुधा इंचाला २२० ठिपक्यांवर आणतो. स्क्रीनवर फरक कळत नाही. छपाईला द्यायचं असेल तर पर्यायांमध्ये प्रगत भागात जाऊन 'चित्रं दाबू नका' ही खूण करून घ्यावी, आणि ती चित्रं टाकायच्या आधी करावी, नंतर करून गेलेले ठिपके परत येत नाहीत.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. तिथून फोटो हा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन पोचतो, कारण ते अ‍ॅप डेटा वाचवायला बनवलं आहे आणि आमच्यासारख्या एका काडीच्या रेंजमध्ये ते बरंच आहे. मिस्त्रींना मी सांगून ठेवलं आहे, "फोटो नका पाठवू, डॉक्युमेंट पाठवा." मग फाइल जशीच्या तशी येते. त्यांना कारण कळलं नाही, पण कुठलं बटण दाबायचं ते पाठ झालं.

चित्राची जात निवडणं हाही मापाचाच सोयरा विषय आहे. जेपेग हा प्रकार फोटोसाठी. तो चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतो आणि डोळ्याला जाणवणार नाही असा तपशील त्यातून टाकून देतो. झाडं, माती, चेहरे, यांत ते खपून जातं. पण पांढऱ्यावर काळी अक्षरं किंवा बारीक रेघ असेल तर कडेला धुरळा उडाल्यासारखे डाग पडतात. शिवाय उघडून परत सेव्ह केलं की पुन्हा थोडं गळतं. म्हणून स्क्रीनचे फोटो, तक्ते, बटणं हे सगळं पीएनजीमध्ये ठेवावं, त्यात काही गळत नाही. आणि रेघांची आकृती असेल तर एसव्हीजी. त्यात ठिपकेच नसतात, 'इथून तिथं अमुक जाडीची रेघ' अशी लेखी सूचना असते, त्यामुळे ती नखाएवढी करा नाहीतर भिंतीएवढी, कड सारखीच राहते.

पंपाच्या पुस्तिकेत मी हळूहळू फोटो कमी करून रेघांच्या आकृत्या वाढवल्या. फोटोत सगळंच येतं. नोझलचा फोटो काढला तर मागे म्हैस, बाजूला कोणाची तरी चप्पल, हाताला ग्रीस. वाचणाऱ्याला दाखवायचं असतं एक वॉशर. इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फोटो खाली ठेवायचा, फिका करायचा, वर रेघा गिरवायच्या आणि मग फोटो काढून टाकायचा. लहानपणी खिडकीच्या काचेवर कागद धरून नकाशा गिरवायचो, तसंच. बाहेरची कड अर्धा मिलिमीटर, आतल्या रेघा त्याच्या निम्म्या, एवढं पाळलं तर आकृती झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही वाचता येते. खेड्यात पुस्तिका तशीच फिरते. एका पंपाबरोबर एक आली, पण शेजारी दोघं झेरॉक्स मारून घेतात.

खुंट्याचं काम आता. चित्र मजकुरात ठेवलं म्हणजे ते कशाला तरी बांधलेलं असतं. लिबरऑफिसमध्ये हे चार तऱ्हेनं बांधता येतं: पानाला, परिच्छेदाला, अक्षराला, किंवा स्वतःच एक अक्षर असल्यासारखं. पानाला बांधलेलं चित्र मजकूर सरकला तरी जाग्यावरून हलत नाही. परिणामी 'टाकीचं झाकण उघडा' ही ओळ बाराव्या पानावर जाते आणि झाकण अकराव्यावर राहतं. परिच्छेदाला बांधलेलं चित्र त्याच्यासोबत चालतं, पण दावं लांब असतं, ते आजूबाजूला चरत हिंडतं. एकमेकांवर चढलेली दोन चित्रं पाहिलीत ना, तो दोन बैलांच्या दाव्यांचा गुंता आहे.

माझा नियम आता एकच आहे. चित्र 'अक्षर म्हणून' बांधायचं, आणि ते अक्षर स्वतंत्र परिच्छेदात एकटं ठेवायचं. वर्डमध्ये याला मजकुराच्या ओळीतलं चित्र म्हणतात, फ्रेममेकरमध्ये नांगरलेली चौकट अशासारखं नाव आहे, डिटामध्ये चित्र ओळीत हवं की ओळ तोडून, एवढंच विचारतात. नावं वेगळी, खुंटा तोच. मग त्या परिच्छेदाला 'पुढच्याला धरून राहा' ही सूचना द्यायची, म्हणजे चित्र आणि त्याच्याखालची ओळ दोन पानांत तुटत नाहीत. देखणं पान करणारे डिझायनर मला यावरून नावं ठेवतात, मजकूर चित्राभोवती वळसे घेत नाही म्हणून. पंप पाठीवर असताना पान उघडणाऱ्याला वळसे नको असतात.

या रीतीत एक खड्डा आहे, त्यात मी अर्धा दिवस पडून होतो. चित्र टाकलं आणि दिसली फक्त त्याची खालची एक पट्टी, शेवयाएवढी. कारण त्या परिच्छेदाची ओळीची उंची 'नेमकी १४ पॉइंट' अशी बांधलेली होती. चित्र हे अक्षर, अक्षराला जागा १४ पॉइंट, बाकीचं सगळं झाकलं. ओळीची उंची 'एकेरी' केली, चित्र वर आलं.

चित्राखाली 'आकृती ७' हे हातानं लिहू नये. क्रमांक सॉफ्टवेअरला टाकू द्यावा आणि मजकुरातला उल्लेखही त्यालाच जोडावा. मधे एक आकृती घुसवली की हातानं लिहिलेले सगळे आकडे खोटे ठरतात. आणि 'खालील चित्रात' असं लिहिणं तर सोडूनच द्या, खालचं चित्र पुढच्या पानावर वर गेलेलं असतं.

आता रंगाचं सांगतो, कारण यात माझी झोप गेली होती. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार त्याचा खालचा त्रिकोण औषध किती जहाल ते सांगतो. लाल सगळ्यांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत कमी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यानंतर पंपाच्या पुस्तिकेत हे चार त्रिकोण टाकायचेच, असं मी ठरवलं. सुरेख रंगीत चित्र केलं. पुस्तिका मात्र काळ्या शाईत छापायची होती.

सॉफ्टवेअर रंगाचं करडं कसं करतं? सरासरी काढत नाही. आपला डोळा हिरव्याला जास्त उजळ आणि निळ्याला जास्त गडद मानतो, म्हणून नेहमीच्या सूत्रात लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ असे भाग घेतात. शून्य म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं, या मापावर शुद्ध लाल येतो ७६ वर, पिवळा २२६ वर, निळा २९ वर आणि हिरवा १५० वर. आता हे चार त्रिकोण शेजारी ठेवून बघा. सगळ्यांत काळाकुट्ट दिसतो निळा, जो मध्यम विषारी. आणि दुसऱ्या क्रमांकाचा जहाल पिवळा जवळजवळ कोरा, सगळ्यांत निरुपद्रवी वाटणारा. रंग नुसते गेले असते तर चाललं असतं, इथं क्रमच उलटापालटा झाला. ज्याला वाचता येत नाही तो गडद म्हणजे जहाल, एवढंच समजणार.

मी त्रिकोणांत रेघा भरल्या. युरोपात सतराव्या शतकात घराण्यांची मानचिन्हं काळ्या शाईत छापताना हीच अडचण आली होती. तेव्हा त्यांनी लालासाठी उभ्या रेघा, निळ्यासाठी आडव्या, हिरव्यासाठी तिरप्या आणि पिवळ्यासाठी ठिपके ठरवले. तेच उचललं. पण वणी-केळापुरातल्या शेतकऱ्यानं ती मानचिन्हं कुठं पाहिली असणार, म्हणून प्रत्येक त्रिकोणाखाली ठळक अक्षरात 'लाल', 'पिवळा' असं लिहिलं आणि लालापासून हिरव्यापर्यंत वरून खाली उतरती मांडणी केली.

त्याच पुस्तिकेत आणखी एक चित्र होतं, ते मी सरळ काढून टाकलं. नोझलमध्ये कचरा अडकला की लोक ते तोंडाला लावून फुंकतात. 'असं करू नका' म्हणून मी तोंडाला नोझल लावलेल्या माणसाचा फोटो टाकला होता, वर लाल फुली. करड्यात लाल झाला ७६, फोटोतला काळपट शर्टही त्याच सुमाराला. फुली शर्टात मिसळली. उरलं काय, तर छापील पुस्तिकेत नोझल फुंकणारा माणूस. चुकीची कृती चित्रात दाखवायचीच असेल तर फुली जाड, पांढऱ्या कडेची आणि चित्राच्या बाहेर जाणारी हवी. मी ती भानगड ठेवली नाही. जुन्या टूथब्रशनं नोझल साफ करणारा हात काढला, हातात मोजा.

भागांची नावं चित्रातच लिहायचा मोह होतो. तो आवरावा. आमचे पंप पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जातात, तिथं पुस्तिका तेलुगूत लागते. चित्रात 'दांडी', 'चावी', 'गाळणी' असं लिहिलं असतं तर एकेचाळीस चित्रं पुन्हा करावी लागली असती. आता चित्रात फक्त आकडे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं १, २, ३, आणि खाली तक्त्यात आकड्यासमोर नाव. भाषांतर करणाऱ्याला तक्ता दिला की त्याचं काम झालं, चित्राला हात लावायचा नाही. देवनागरी अक्षरं चित्रात न टाकण्याचं दुसरंही कारण आहे. एसव्हीजीत अक्षर हे अक्षर म्हणूनच राहतं, आणि पुढच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर दुसराच फॉन्ट चढतो, नावं लांबट होऊन बाणावर चढतात किंवा जोडाक्षरं फुटतात. त्यावर उपाय म्हणून अक्षरांच्या रेघा करून टाकता येतात, पण मग ती शोधता येत नाहीत की सुधारता येत नाहीत. 'चावी'त चुकीची वेलांटी राहिली तर मूळ फाइल शोधत बसा. म्हणून मूळ आकृतीची फाइल, रेघा करण्यापूर्वीची, वेगळ्या फोल्डरमध्ये कायम जपायची.

वेबसाइटसाठी प्रत्येक चित्राला दोन ओळींचं वर्णन द्यावं लागतं, ते डोळ्यांनी न दिसणाऱ्याला त्याचं सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. 'पंपाचं चित्र' असं लिहून मोकळं होऊ नये. 'टाकीचं झाकण डावीकडे फिरवलं की उघडतं' हे वर्णन. चित्राचा पत्ता हुकला तर रिकाम्या जागी हेच दिसतं, म्हणून तेही जरा मन लावून लिहावं.

त्या दिवशी पांढरकवड्याहून तसाच परत आलो. रात्री पत्ते शेजारचे करून घेतले, सगळा फोल्डर एकत्र केला आणि त्याच्याशेजारी एक पीडीएफही ठेवली. पीडीएफमध्ये चित्रं पोटातच असतात. छपाईला तीच द्यायची, हे मला आधीही माहीत होतं. सकाळी निघायच्या आधी पुस्तिका आमच्या मोठ्या काकांपुढे ठेवली. त्यांना चष्म्याशिवाय मजकूर दिसत नाही, आणि चष्मा नेहमी घरात राहिलेला असतो, म्हणून माझी परीक्षा घ्यायला त्यांच्याइतका चांगला माणूस नाही. ते एकेक चित्र बघत गेले, मान हलवत गेले. एकोणिसाव्या आकृतीवर थांबले. झाकणावर मी एक सरळ बाण काढला होता, डावीकडे.

"हे झाकण इकून ओढाचं हाय का फिरवाचं?"

"फिरवायचं."

"मंग बाण सरळ काहून हाय?"

एसटी चुकवली, बाण वाकवला, दुपारच्या गाडीनं गेलो.